मिलिलिटरचा हट्ट सुटल्यावर

नख दाबून सोडले की ते क्षणभर पांढरे पडते आणि मग त्यात लाली परत येते. कातडीखालचे रक्त वाहते आहे का, हे पाहण्याची याहून साधी रीत नाही. तिला उपकरण लागत नाही, वीज लागत नाही आणि अपघात विभागात ती आजही रोज वापरली जाते. या रीतीला आकडा चिकटला तो मात्र बऱ्याच उशिरा. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींवरचा अभ्यास १९४७ मध्ये मांडताना हेन्री बीचर यांनी लाली परतण्याच्या पायऱ्या शब्दांतच सांगितल्या होत्या: नेहमीसारखी, मंदावलेली, फारच सुस्त. १९८०च्या सुमारास अपघातग्रस्तांना गुण देण्याच्या पद्धतीत ‘दोन सेकंद’ ही मर्यादा आली आणि पाठ्यपुस्तकांत रुजली. पुढे १९८८ मध्ये श्रायगर आणि बॅराफ यांनी धडधाकट माणसे तपासली. तेव्हा दिसले की प्रौढ स्त्रियांमध्ये ही मर्यादा २.९ सेकंदांपर्यंत आणि वृद्धांमध्ये ४.५ सेकंदांपर्यंत जाते. शिवाय हात गार असला की लाली आणखी रेंगाळते. आकडा आधी ठरला, तपासणी मागून झाली.

त्वचेतला रक्तप्रवाह लेझरने मोजण्याचा इतिहास बहुधा प्रकाशशास्त्राच्या विजयाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. लेझर आला, डॉप्लरचा नियम हाताशी होताच, दोन्ही जोडले आणि मोजमाप झाले, असा त्याचा सरळ क्रम लावतात. मला हा क्रम अपुरा वाटतो. १९७५ मध्ये पहिले खात्रीचे प्रयोग झाले, पण रुग्णाच्या उपचाराचा निर्णय बदलण्याइतका विश्वास या उपकरणाला मिळायला आणखी पाव शतक जावे लागले. मधला बराच काळ अशा एका आकड्याच्या शोधात गेला जो त्वचेकडून मिळण्यासारखाच नव्हता: दर मिनिटाला, दर १०० ग्रॅम ऊतींमागे किती मिलिलिटर रक्त? हा हट्ट सुटला आणि भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातला एक अरुंद, नेमका प्रश्न उपकरणापुढे आला, तेव्हाच ते कामाचे ठरले. तो प्रश्न असा: ही जखम तीन आठवड्यांत आपोआप भरेल की नाही?

हा हट्ट का फसणार होता, याचे कारण लेझरच्या कितीतरी आधी लंडनमध्ये थॉमस लुईस यांनी दाखवून ठेवले होते. मानवी त्वचेतल्या रक्तवाहिन्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. बोथट टोकाने कातडीवर जोराने रेघ ओढली की आधी तांबडी रेषा उमटते, मग तिच्या भोवती लाली पसरते आणि शेवटी फुगवटा येतो, ही तिहेरी प्रतिक्रिया आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा त्याहून महत्त्वाचा विवेक मात्र रंग आणि ऊब यांच्यातला होता. कातडीचा रंग तिच्या अगदी सूक्ष्म वाहिन्यांत किती रक्त साठले आहे ते सांगतो. तिची ऊब ते रक्त किती वेगाने येत-जात आहे ते सांगते. थंडीत कान लालबुंद आणि गार असू शकतो: रक्त भरपूर आहे, पण तुंबलेले. तळहात फिकट आणि तरी ऊबदार असू शकतो. म्हणजे ‘रक्त किती’ आणि ‘प्रवाह किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि डोळ्याला फक्त पहिल्याचे उत्तर मिळते. त्यात त्वचेचा स्वभावच असा की तिच्यातला प्रवाह एका पातळीवर टिकत नाही. शरीराचे तापमान सांभाळणे हे तिचे मुख्य काम. आरामात बसलेल्या माणसाच्या साऱ्या त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते, तर कडक उष्म्यात तेच सहा ते आठ लिटरपर्यंत चढते. ज्या गोष्टीचा निरोगी पल्लाच इतका प्रचंड आहे, तिचा एक सुटा आकडा कितीही अचूक मिळाला तरी त्यावरून आजार आहे की नाही हे कसे ठरणार?

तरीही तो आकडा मिळवण्याचे प्रयत्न झाले आणि ते कल्पक होते. १९०९ मध्ये ह्युलेट आणि व्हान झ्वालुवेनबर्ग यांनी हाताला पट्टा आवळून शिरांतून रक्त परतणे थांबवले आणि हात किती वेगाने फुगतो यावरून आत येणारा प्रवाह काढला. आकडा खरा होता, पण तो साऱ्या हाताचा होता. त्यात स्नायूही आले आणि त्वचा त्यांच्यात हरवली. १९६० च्या दशकात कोपनहेगनमध्ये सेयर्सेन यांनी त्वचेत किरणोत्सारी झेनॉन सोडून तो किती वेगाने धुऊन निघतो हे मोजले. इथे मिलिलिटर आणि ग्रॅम यांच्या भाषेत उत्तर मिळाले आणि ते पुढे बराच काळ कसोटीचा दगड ठरले. अडचण एवढीच की झेनॉन सुईने टोचला तर सुईच लुईस यांची तिहेरी प्रतिक्रिया उठवते. प्रवाह मोजायला जावे आणि मोजण्यानेच तो वाढावा! टोचण्याऐवजी तो कातडीतून मुरू देण्याची युक्ती निघाली, तरी मोजणी एका ठिकाणची, एका वेळची आणि किरणोत्साराच्या जोखमीची राहिली. त्वचेला न टोचता, न दाबता, न तापवता तिच्यातली हालचाल ओळखेल असे काहीतरी हवे होते. प्रकाशाकडे वळण्याचे खरे कारण हे होते.

ख्रिस्तियन डॉप्लर यांनी आपला निबंध प्रागमध्ये १८४२ साली वाचला तो जोडताऱ्यांच्या रंगांविषयी होता. ताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात हे त्यांचे म्हणणे चुकीचे निघाले, पण हलणाऱ्या वस्तूकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते हे तत्त्व अचूक होते. केशवाहिनीतली तांबडी पेशी सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर सरकते. हीलियम-निऑन लेझरच्या लाल प्रकाशाची वारंवारता सेकंदाला सुमारे ४७४ लाख कोटी आंदोलने इतकी असते, आणि अशा पेशीवरून परतताना तिच्यात फरक पडतो तो फक्त काही हजारांचा. कोणत्याही लोलकाने हा फरक वेगळा काढता येणार नाही. पण तानपुरा लावताना जोडीच्या तारांत किंचित फरक राहिला तर कानाला काय ऐकू येते ते आठवावे. दोन स्वर वेगवेगळे कळत नाहीत. आवाज हळूहळू चढतो-उतरतो, आणि त्या हेलकाव्यांची गती म्हणजेच दोन तारांतला फरक. प्रकाशातही हेच घडते. त्वचेवर पडलेल्या लेझरचा बहुतेक भाग स्थिर ऊतींवरून विखरून जसाच्या तसा परततो. थोडा भाग हलत्या पेशींना लागून किंचित बेसूर होऊन येतो. दोन्ही एकाच संवेदकावर पडले की काही हजार हर्ट्‌झचे हेलकावे उमटतात, आणि ते मोजणे साध्या इलेक्ट्रॉनिक परिपथाला जमते. या मांडणीत मला सर्वांत सुंदर वाटते ते हे की तुलनेसाठी लागणारा आधारस्वर बाहेरून आणावा लागत नाही. तो स्थिर कातडीच पुरवते.

अशा हेलकाव्यांसाठी प्रकाश मात्र एकसुरी हवा, आणि तो लेझरखेरीज कुठे नव्हता. मे १९६० मध्ये थिओडोर मेमन यांचा माणकाचा लेझर झळकला. त्याच वर्षाच्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत अली जावन आणि सहकाऱ्यांचा वायूचा लेझर चालू झाला आणि १९६२ मध्ये त्याचा लाल अवतार आला. १९६४ मध्ये ये आणि कमिन्स यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा वेग या रीतीने मोजला. १९७२ मध्ये रीव्हा, रॉस आणि बेनेडेक यांनी सशाच्या डोळ्याच्या पडद्यातल्या धमनीत रक्ताचा वेग पाहिला. डोळ्यात वाहिनी उघडी दिसते, तिची दिशा ठाऊक असते. त्वचेत यातले काहीच नाही. प्रकाश आत शिरताच दाही दिशांना विखुरतो आणि केशवाहिन्याही हव्या तशा वळलेल्या असतात. मायकेल स्टर्न यांनी १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये बोटाच्या टोकावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी एकेका पेशीचा वेग शोधण्याचा नाद सोडून साऱ्या गोंधळाचा मिळून पसारा पाहिला: रक्त वाहते असताना हेलकावे दूरवर पसरतात, दंडाला पट्टा आवळला की आखडतात. सिएटलमध्ये होलोवे आणि वॉटकिन्स यांनी १९७७ मध्ये याच तत्त्वावरचे मापन झेनॉनशी ताडून पाहिले. स्वीडनमधल्या लिंशॉपिंगला निल्सन, टेनलँड आणि ओबेर्ग यांनी १९८० मध्ये दोन संवेदकांची जोडणी केली; लेझरची स्वतःची थरथर दोघांत सारखीच येते, म्हणून वजाबाकीत ती नाहीशी होते. या युक्तीमुळे प्रयोगशाळेतले नाजूक यंत्र दवाखान्यात नेता येईल असे झाले.

इथेच मिलिलिटरचा प्रश्न उभा राहिला. १९८१ मध्ये बॉनर आणि नॉसल यांनी गणिताने दाखवले की या हेलकाव्यांतून जी राशी निघते ती हलत्या पेशींची संख्या आणि त्यांचा सरासरी वेग यांचा गुणाकार असते. थोड्या पेशी वेगाने पळाल्या काय आणि पुष्कळ पेशी सावकाश सरकल्या काय, उत्तर सारखेच येऊ शकते. लुईस यांनी वेगळे केलेले दोन प्रश्न उपकरणाने पुन्हा एकत्र बांधले. त्याहून बिकट म्हणजे प्रकाश त्वचेत नेमका किती खोल गेला, किती ऊतींतून फिरून आला, हे प्रत्येक जागी वेगळे. साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, एवढेच म्हणता येते. छेदच माहीत नसेल तर दर १०० ग्रॅममागे काय सांगणार? म्हणून उपकरणे स्वतःच्याच एककांत बोलू लागली. ही एकके पाण्यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांच्या नैसर्गिक थरथरीवर बेतलेली असतात. दोन यंत्रांनी एकच द्रावण पाहिले तर आकडे जुळावेत, एवढाच त्यांचा अर्थ. शिवाय पट्टा आवळून धमनी पूर्ण बंद केली तरी आकडा शून्यावर येत नाही. रक्त थांबले तरी पेशींची बारीक थरथर चालूच राहते, आणि या उरलेल्या आकड्याला ‘जैविक शून्य’ असे नाव पडले. भरीला टोकदार शोधक त्वचेवर दोन मिलिमीटर सरकवला तरी आकडा खूप बदलायचा, कारण खाली एखादी बारीक धमनी आहे की नाही यावर सारे अवलंबून. १९८० च्या दशकात या उपकरणावर शेकडो लेख लिहिले गेले, औषधशास्त्राला आणि शरीरक्रियाशास्त्राला त्याचा उपयोगही झाला. पण रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला त्या आकड्याचे काय करावे हे कळत नव्हते.

भाजलेल्या जखमांच्या शास्त्रात याच काळात एक वेगळाच ताण साठत आला होता. बर्मिंगहॅमचे डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या कातडीचे तीन पट्टे सांगितले. मध्ये मेलेला भाग, कडेला लाल झालेला जिवंत भाग, आणि दोघांच्या मध्ये असा पट्टा जिथे रक्त मंदावलेले असते. हा मधला पट्टा पुढच्या एक-दोन दिवसांत मरेलही किंवा तगेलही. वरवर भाजलेले ओळखता येते, पूर्ण खोल जळालेलेही ओळखता येते. अवघड असतो तो मधल्या खोलीचा भाग, आणि वॉर्डात तो भरपूर असतो. सुई टोचून संवेदना तपासण्याची रीत १९४९ पासून माहीत होती, पण भेदरलेल्या मुलाच्या हातावर ती किती चालणार? पूर्वी या अनिश्चिततेवर वाट पाहणे हाच उपाय होता: दोन-तीन आठवडे थांबायचे, खपली आपोआप सुटू द्यायची आणि मग त्वचारोपण करायचे. मग तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर इथे झोरा यान्झेकोविच यांनी उलटी वाट धरली. पहिल्या काही दिवसांतच त्या मेलेली कातडी पातळ पापुद्र्यांनी तासून काढत आणि ताबडतोब रोपण करत. त्यांचा लेख १९७० मध्ये आला आणि जगभरची रीत बदलली. तासणे कुठे थांबवायचे? जिथे पांढऱ्या पृष्ठावर रक्ताचे टिपके उमटू लागतात तिथे. म्हणजे या शस्त्रक्रियेत रक्तप्रवाहाची तपासणी होतच होती. ती सुरीने होत होती आणि तासलेले पुन्हा जोडता येत नव्हते.

आता चूक दोन्हीकडून महाग झाली होती. उशीर केला तर काय होते ते डाइच आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये आकड्यांत मांडले: २१ दिवसांनंतर भरलेल्या जागांपैकी ७८ टक्के ठिकाणी वण फुगून घट्ट झाला, १४ ते २१ दिवसांत भरलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश ठिकाणी. मानेवर किंवा बोटांच्या सांध्यावर असा वण म्हणजे आयुष्यभराचे आखडलेपण. उलट घाई केली तर जी कातडी आपोआप भरली असती ती तासली जाणार, आणि रोपणासाठी मांडीची निरोगी कातडी सोलून तिथे दुसरी जखम होणार. अनुभवी सर्जनही मधल्या खोलीच्या जखमांबद्दल सुमारे दोन-तृतीयांश वेळाच बरोबर ठरतात, असे त्या काळचे आढावे सांगत होते. या प्रश्नाला मिलिलिटर नको होते. त्याला हवे होते ते एवढेच: जखमेचा कोणता भाग २१ दिवसांच्या अलीकडे आहे आणि कोणता पलीकडे. पण ‘कोणता भाग’ हा शब्द महत्त्वाचा, कारण एकाच हातावर चार बोटे सोडून खोली बदलते. बिंदूवरचा आकडा इथे कुचकामी होता. नकाशाच हवा होता, आणि तोही जखमेला स्पर्श न करता काढलेला.

तो नकाशा दोन ठिकाणी तयार झाला. न्यूकॅसलमध्ये एसेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९१ मध्ये, आणि लिंशॉपिंगमध्ये वॉर्डेल, याकोब्सन आणि निल्सन यांनी १९९३ मध्ये, लेझरचा झोत आरशाने त्वचेवर ओळीओळीने फिरवणारे यंत्र मांडले. दुसऱ्यात चार हजारांवर बिंदू काही मिनिटांत टिपले जात आणि प्रवाहाप्रमाणे रंग देऊन चित्र पडद्यावर येई. १९९३ मध्येच भाजलेल्या जखमांवर त्याचा पहिला अनुभव छापून आला. न्यूकॅसलमधल्या पेप आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मधल्या खोलीच्या जखमांचा हिशोब मांडला: यंत्राचा अंदाज ९७ टक्के बरोबर, तर नेहमीच्या तपासणीचा ६० ते ८० टक्के. माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा बेल्जियममधल्या गेंट इथला आहे. तिथे होक्सेमा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४० रुग्णांच्या जखमा ठरावीक दिवशी यंत्राने आणि डोळ्याने तपासल्या. भाजल्याच्या दिवशी यंत्र ५४.१ टक्के बरोबर, डोळा ४०.६ टक्के, दोन्ही जवळजवळ निरुपयोगी. तिसऱ्या दिवशी यंत्र ९५ टक्क्यांवर, डोळा ५२.५ वर. पाचव्या दिवशी ९७ आणि ७१.४. आठव्या दिवशी दोघेही १०० टक्के. जॅक्सन यांचा मधला पट्टा या आकड्यांत स्पष्ट दिसतो. पहिल्या दिवशी त्याचे भवितव्य ठरलेलेच नसते, मग ते कोणतेही यंत्र कसे वाचणार? आणि आठव्या दिवशी जे यंत्र सांगते ते कुशल डॉक्टरही सांगतो. लेझरने दिले ते अलीकडचे पाच दिवस.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो तत्त्वाचा. ज्याला भौतिक एकक नाही, ज्याचे शून्य खरे शून्य नाही, त्याला मोजमाप म्हणावे का? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो मोजमापाकडून चुकीची अपेक्षा करतो. इथे आकड्याची कसोटी दुसऱ्या आकड्याशी लावलेली नाही. ती २१ व्या दिवशी भरलेल्या किंवा न भरलेल्या जखमेशी लावलेली आहे. पडद्यावरचा लाल रंग म्हणजे अमुक मिलिलिटर असे कोणी म्हणत नाही. तो म्हणजे १४ दिवसांच्या आत भरण्याची शक्यता, आणि निळा म्हणजे २१ दिवसांपलीकडची. बदललेल्या अर्थामुळे जैविक शून्याचाही जाच उरत नाही, कारण प्रश्न भरपूर आणि अत्यल्प यांतल्या फरकाचा आहे, आणि भाजलेल्या जखमेत तो फरक अनेक पटींचा असतो. ज्यांना हाताच्या त्वचेतल्या प्रवाहाचे निरपेक्ष माप हवे आहे त्यांच्यासाठी हे उपकरण आजही अपुरे आहे, हे मात्र मान्यच केले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: अंदाज सुधारला, पण रुग्ण लवकर बरे झाले का? नेदरलँड्समध्ये सुमारे २०० रुग्णांवर, चिठ्ठी टाकून गट पाडलेली चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. साऱ्या रुग्णांची सरासरी घेतली तर जखम भरण्याच्या कालावधीत संख्याशास्त्राला मान्य होईल असा फरक पडला नाही. एकूण खर्चही साधारण सारखाच राहिला. मात्र यंत्राच्या गटात डॉक्टरांना त्याच दिवशी निर्णय घेणे अधिक वेळा जमले, आणि दाखल झालेल्या, शस्त्रक्रिया लागलेल्या रुग्णांत निर्णय आधी झाला, जखमही आधी भरली. ब्रिटनच्या आरोग्य मूल्यमापन संस्थेने त्याआधीच, मार्च २०११ मध्ये, मधल्या खोलीच्या जखमांसाठी या यंत्राची शिफारस केली होती. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर माझ्या मुद्द्याला त्या बळच देतात. ज्यांच्याबाबत शंका नव्हती अशांच्या गर्दीत यंत्राचा फायदा विरून जातो. शंका जिथे खरोखर होती तिथे तो दिसतो.

तिसरा आक्षेप आपल्या जवळचा आहे. हे सारे अभ्यास न्यूकॅसल, गेंट, नेदरलँड्स इथले. सावळ्या कातडीवर लाल प्रकाश तितकाच खरा बोलेल का? बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबाबत २०२० मध्ये अमेरिकेत दिसले की ऑक्सिजनची छुपी कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटते. त्यामुळे ही शंका काल्पनिक नाही. इथली भौतिकी थोडी वेगळी आहे. ऑक्सिमीटर दोन रंगांच्या शोषणाचे गुणोत्तर पाहतो आणि मेलॅनिन त्याच शोषणात ढवळाढवळ करते. डॉप्लर पाहतो तो प्रकाशाचा हेलकावा, आणि मेलॅनिन हलत नाही. ते प्रकाश कमी करते, हेलकाव्याची गती बदलत नाही, आणि परतलेल्या एकूण प्रकाशाने भागाकार करून यंत्र ती तूटही भरून काढते. शिवाय मधल्या खोलीच्या भाजण्यात रंगद्रव्य असलेला वरचा थर बहुधा निघूनच गेलेला असतो. तरीही प्रकाश कमी झाला की गोंगाटाचा वाटा वाढतो, म्हणून आपल्याकडच्या रुग्णांवर हे रंग पुन्हा ताडून पाहणे ही रास्त मागणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर भाजतात. मारिबोरच्या वाटेने जायचे तर रोपणासाठी कातडी लागते, आणि ज्याचे अर्धे अंग भाजले आहे त्याच्याकडे द्यायला फारशी उरलेली नसते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी उभी राहिली ती याच गरजेतून. कातडीचा प्रत्येक तुकडा असा मोलाचा असताना तो कुठे लावायचा आणि कुठे वाचवायचा हे आधी कळणे श्रीमंत देशांपेक्षा इथे जास्त महत्त्वाचे आहे. तेव्हा ‘हे आपल्याला परवडणारे नाही’ या वाक्याला माझे उत्तर असे की न परवडणारी गोष्ट यंत्राची आजची किंमत आहे, त्यामागचे माप नव्हे.

किंमत उतरवू शकेल अशी वाट लेझरच्या एका खोडीतून निघाली आहे. लेझरचा प्रकाश भिंतीवर पडला की तो सपाट दिसत नाही. रवाळ दिसतो, तुपासारखा कणीदार. १९६२ मध्येच रिग्डेन आणि गॉर्डन यांनी या रव्याची नोंद केली, आणि त्याला स्पेकल म्हणू लागले. तसा हा चमत्कार लेझरहून जुना आहे. १८७० च्या दशकात कार्ल एक्स्नर यांनी त्याचे वर्णन केले होते, आणि बंगळुरूत जी. एन. रामचंद्रन यांनी १९४३ मध्ये प्रकाशवलयांतल्या तीव्रतेच्या चढउतारांवर निबंध प्रसिद्ध केला होता. लेझरने चित्रे घेणाऱ्यांना हा रवा म्हणजे डाग वाटे आणि तो घालवण्यासाठी पुष्कळ खटपट झाली. १९८१ मध्ये फेर्खर आणि ब्रायर्स यांनी त्या डागालाच कामाला लावले. पृष्ठ स्थिर असेल तर रवा स्थिर राहतो. खाली रक्त वाहत असेल तर रवा खदखदतो, आणि छायाचित्राच्या उघडझापेच्या वेळात पुसट होतो. म्हणजे जिथे चित्र धुरकट तिथे प्रवाह. तेव्हा फिल्म धुऊन मग प्रकाशीय गाळणीतून पाहावी लागे. डिजिटल कॅमेरा आणि संगणक आल्यावर १९९६ मध्ये ब्रायर्स आणि वेब्स्टर यांनी हेच काम एका क्षणात करून दाखवले. त्याच वर्षी ब्रायर्स यांनी हेही मांडले की डॉप्लर आणि स्पेकल या एकाच घटनेकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. आरसा फिरवायची गरज नाही, मुलाला मिनिटांमागून मिनिटे निश्चल ठेवायची गरज नाही. लेझरचा साधा दिवा, कॅमेरा आणि गणित पुरते. बदल्यात तो आणखी उथळ थर पाहतो आणि हालचालीला फार हळवा असतो. आणि त्याचे रंगही पुन्हा २१ व्या दिवसाशी ताडून घ्यावे लागतात. डॉप्लरसाठी जमवलेला विश्वास त्याला आयता मिळत नाही.

यंत्र निळा रंग दाखवते, शस्त्रक्रिया ठरते, आणि रुग्ण टेबलावर येतो. कुठल्या भागावर पाते चालवायचे ते नकाशाने सांगितलेले असते. किती खोल चालवायचे ते तो सांगत नाही. सर्जन एक पापुद्रा काढतो, पुसून पाहतो, दुसरा काढतो. पांढऱ्या पृष्ठावर बारीक लाल टिपके उमटू लागले की पाते थांबते.